तेरुएल घराण्याचा पहिला डॉक्टर

तेरुएल घराण्यात नऊ डॉक्टर होते, चौदा नर्स, दोन दातांचे डॉक्टर, एक औषधवाला आणि एक सुईण. सुईण सगळ्यात शेवटी मोजायची, आणि तीही कुणाला आठवली तर. मागच्या कुटुंबमेळाव्याच्या छापील पुस्तिकेत तिचं नाव वैद्यकीय मंडळींच्या पानावर नव्हतंच. ते स्वयंपाक समितीच्या पानावर होतं, तेही कांदे चिरणाऱ्यांत.

ही सुईण म्हणजे युफ्रोसिना तेरुएल. गाव तिला मानांग प्रोसिंग म्हणे, म्हणजे प्रोसिंगताई. वय चौऱ्याहत्तर, उंची बेताची, आणि जीभ उंचीच्या दुप्पट. पनाय बेटाच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या त्या गावात तिने सरकारी आरोग्य उपकेंद्रात अडतीस वर्षं बाळंतपणं केली होती. अर्धं गाव तिच्या हातावर जन्मलं होतं, आणि ते तिनं कुणाला विसरू दिलं नव्हतं. चौकात शिट्टी फुंकत उभ्या असलेल्या पोलिसाला ती भर रहदारीत ऐकवायची, "तू पायाळू आलास रे. तेव्हापासून तुझं सगळं उलटंच चाललंय. डावीकडच्यांना सोड आधी." आणि तो मुकाट्याने डावीकडच्यांना सोडायचा.

डॉक्टर तिलाही व्हायचं होतं. पण तिचे वडील गावच्या बँडमध्ये तुतारी वाजवायचे. थोरले काका वेदास्तो डॉक्टर होते, म्हणून त्यांचा मुलगा लिओनिदेस मनिलाला गेला आणि सर्जन झाला. तुतारीवाल्याची मुलगी इलोइलोला दोन वर्षांच्या सुईणीच्या कोर्सला गेली. प्रोसिंगने याचं कधी रडगाणं गायलं नाही. रडण्यापेक्षा चिमटे काढणं तिला जास्त जमायचं.

लिओनिदेस तिच्याहून दोन वर्षांनी लहान. लहानपणी तिने त्याला नोनोय, म्हणजे बाळ्या, म्हणून हाका मारल्या होत्या आणि अजूनही ती तेच म्हणे, त्याच्या रुग्णांसमोरसुद्धा. निवृत्तीनंतर दवाखान्यात किरकोळ दुखण्यांचेच रुग्ण येत, कापायला पोटं उरली नाहीत, म्हणून आता तो लोकांची बोलणी मधेच कापायचा.

फेब्रुवारीत एके सकाळी तो तिच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"मानांग, तुला सध्या काही काम नाही ना?"

"आहे ना. सकाळी कोंबड्या सोडते, संध्याकाळी त्या परत येतात का बघते."

"म्हणजे वेळच वेळ आहे. एप्रिलच्या मेळाव्याला मी बारा फुटी फलक करतोय. आपल्या घराण्याचा वंशवृक्ष. पाच पिढ्या वैद्यकीची परंपरा. खालची नावं मी देतो. तू चर्चमध्ये जाऊन वरचं बघ. अन्सेल्मो पणजोबा आणि त्यांच्याही वर. ते मुळात स्पेनहून आले असणार. तेरुएल नावाचं शहरच आहे तिकडे. मी स्वतः पाटीखाली फोटो काढून आलोय."

"पाटीखाली फोटो मीही काढलाय, औषधांच्या दुकानाच्या. म्हणून मी गोळी झाले का?" प्रोसिंग म्हणाली. "अरे, आपल्या गावात सगळीच आडनावं 'त'ची आहेत. तेरुएल, तालावेरा, तुमानेंग. स्पॅनिश साहेबाने गावोगाव आडनावांची यादी वाटली तेव्हा 'त'चं पान आपल्याला आलं, शेजारच्या गावाला 'ग'चं. वारा जरा जोरात आला असता तर तू आज गोन्झागा असतास."

"तू फक्त कागद शोध," लिओनिदेसने बोलणं कापलं.

अन्सेल्मो पणजोबा म्हणजे घराण्याचं दैवत. मनिलाला वैद्यकी शिकून आले आणि सगळ्या गावाचे पहिले डॉक्टर झाले, असं सगळे सांगत. त्यांचं मोठं तैलचित्र लिओनिदेसच्या दवाखान्यात होतं: भरघोस मिशा, काळा कोट, हातात पुस्तक. प्रोसिंग बारा वर्षांची असताना ते चित्र तिच्या डोळ्यांदेखत झालं होतं. सिनेमाच्या पाट्या रंगवणाऱ्याने वेदास्तोकाकांना खुर्चीत बसवलं होतं आणि त्यांना नाटकातल्या मिशा चिकटवल्या होत्या. मिशा ओठात येत म्हणून काकांना कॉफी नळीने प्यावी लागली होती, आणि ती कॉफी प्रोसिंगनेच नेली होती. साठ वर्षं ती या चित्राला लोक नमस्कार करताना बघत होती आणि एक शब्द बोलली नव्हती. मौज जपून खावी, या मताची ती होती.

ऋषीचं कूळ आणि नदीचं मूळ शोधू नये म्हणतात. लिओनिदेसने ते शोधायला सुईणीला लावलं, आणि वर कुटुंबाच्या फोनवरच्या गटात जाहीरही केलं: 'मानांग प्रोसिंग आपल्या घराण्याची मुळं खणून काढत आहेत. सर्वांनी त्यांना खरी माहिती द्यावी.'

तिसऱ्या दिवसापासून प्रोसिंगच्या दारात ताटं यायला लागली.

पहिली आली दातांची डॉक्टर नोरालिन. केळीच्या पानावर भाजलेला गरम तांदळाचा केक घेऊन. इकडच्या तिकडच्या गप्पा झाल्या आणि मग ती हळूच म्हणाली, "मानांग, माझा थोरला सातव्या महिन्यातच झाला होता, आठवतं ना?"

प्रोसिंगला आठवत होतं. सातव्या महिन्यातलं ते बाळ साडेआठ पौंडांचं होतं आणि आल्या आल्या त्याने तिचा चष्मा ओढला होता.

"आठवतं की," ती म्हणाली. "दमदार पोर. घाई होती बिचाऱ्याला."

दुसऱ्या दिवशी दोह्याहून सुट्टीवर आलेली ग्लेसिल नर्स खजुराचे तीन डबे ठेवून गेली. आपला पहिला नवरा वृक्षावर नसला तर बरं, असं तिचं म्हणणं होतं. "तो नवरा नव्हताच तसा, मानांग. चार महिने तर होता."

"चार महिन्यांत पानसुद्धा धड फुटत नाही," प्रोसिंगने तिला धीर दिला. "फांदी कुठली काढू?"

पण खरी गंमत केली औषधवाल्या पोन्सोने. तो एक जिवंत कोंबडा काखेत धरून आला, अर्धा तास बसला, घाम पुसला, आणि शेवटी कोंबड्याकडे बघत म्हणाला, "समोरच्या बेटावरच्या पोरांचं मात्र काही लिहू नकोस."

प्रोसिंगला समोरच्या बेटावरचं काहीच ठाऊक नव्हतं. तिने चेहरा हलू दिला नाही.

"पोरं," ती म्हणाली. "म्हणजे किती धरू मी?"

"दोनच," पोन्सो म्हणाला आणि जीभ चावली.

चोराच्या मनात चांदणं, आणि इथे तर सबंध घराण्यात पौर्णिमा पडली होती. महिनाभर प्रोसिंगने चूल पेटवली नाही. ज्यांचं तिला माहीत होतं ते आले, ज्यांचं नव्हतं तेही आले आणि सांगून गेले. ती सगळ्यांचं खायची, सगळ्यांना थोडं तंगवायची, आणि ताट परत देताना मात्र प्रत्येकाला एकच सांगायची, "माझ्या वहीत बाळ यायचं ते आईच्या नावावर. बापाचं नाव आई सांगेल ते. अडतीस वर्षं हाच नियम होता, आता म्हातारपणी बदलत नाही." हे ऐकून माणसं अशी हलकी होऊन जायची, की पुढच्या आठवड्यात पुन्हा काहीतरी घेऊन यायची.

पोन्सोचा कोंबडा तिने कापला नाही. त्याचं नाव तिने 'दोनच' ठेवलं.

मार्चमध्ये ती चर्चमध्ये गेली. जुनी दप्तरं सांभाळणारा ओनोफ्रे वीस वर्षं त्या कसर लागलेल्या पानांत बसून स्पॅनिश वाचायला शिकला होता. त्याने दोन आठवडे शोधून लग्नाआधीच्या चौकशीचा एक कागद काढला. अठराशे सहासष्ट साल. वर अन्सेल्मो तेरुएल, वय बावीस. वधू आपोलोनिया. आणि व्यवसायाच्या ओळीत पाद्रीबाबांच्या तिरक्या अक्षरात दोन-तीन शब्द.

ओनोफ्रेने भिंग धरलं, वाचलं, भिंग पुसलं, पुन्हा वाचलं.

"मानांग," तो म्हणाला, "बसून घ्या."

"मी अडतीस वर्षं उभ्याने बाळंतपणं केली. वाच."

"कापाडोर दे सेर्दोस."

गावात 'कापोन' म्हणजे खच्ची, हे शेंबड्या पोरालाही कळतं. घराण्याचे मूळ पुरुष डुकरं खच्ची करत होते.

प्रोसिंग चर्चच्या पायरीवर येऊन बसली आणि इतकी हसली की फुलं विकणारीने तिला पाणी आणून दिलं. हसणं ओसरल्यावर तिच्या डोळ्यांसमोर लिओनिदेस आला, पाटीखाली फोटो काढणारा, आणि तिला त्याची थोडी दयाही आली. फार नाही, थोडी.

दुसऱ्या दिवशी तिने त्याच्या दवाखान्यात कागदाची प्रत टेबलावर ठेवली. मिशीवाले अन्सेल्मो वरून बघत होते. लिओनिदेसने वाचलं. त्याचे कान लाल झाले.

"हे कापितान आहे," तो म्हणाला. "कप्तान. त्या काळी गावच्या मुख्याला कापितान म्हणत. पाद्र्याचं अक्षर वाईट."

"असेल. मग पुढचं?"

"पुढचं काय?"

"दे सेर्दोस. डुकरांचा. म्हणजे पणजोबा डुकरांचे कप्तान होते म्हणतोस?"

लिओनिदेस उठून खिडकीशी गेला. "मानांग, मेळाव्याला दोनशे माणसं येणार आहेत. शिकागोहून माझे व्याही येणार आहेत. त्यांच्या घराण्यात तीन हृदयशल्यचिकित्सक. आणि तू मला डुकरं दाखवतेस. माझं खच्चीकरण करायचं ठरवलंयस का?"

"छे रे," प्रोसिंग म्हणाली. "ते काम पणजोबांचं."

तो तीन दिवस तिच्याशी बोलला नाही. चौथ्या दिवशी तीच त्याच्या दारात गेली, अगदी गंभीर तोंड करून.

"नोनोय, एक म्हातारा आहे डोंगराच्या पायथ्याला. ताय मेलान्यो. सत्त्याण्णव वर्षांचा. डॉक्टर हवाय त्याला, आणि म्हणतो तेरुएलच पाहिजे. दुसऱ्या कुणाचं नाव घेत नाही."

यातला एकही शब्द खोटा नव्हता. लिओनिदेसचा राग तिथल्या तिथे विरघळला. निवृत्त सर्जनला कुणी मुद्दाम बोलावतं, तेही आडनाव घेऊन, हे फार दिवसांत घडलं नव्हतं. त्याने इस्त्रीचा सदरा घातला, बॅग घेतली, आणि दोघं मोटारसायकलच्या जोडगाडीत बसून धूळ खात निघाली.

ताय मेलान्यो, म्हणजे मेलान्योबाबा, फणसाखाली बाकड्यावर बसला होता. एक डोळा गेलेला, दुसरा लखलखीत. लिओनिदेसने त्याची नाडी धरली. म्हाताऱ्याने ती सोडवून घेतली.

"मला काय धाड भरलीय?" तो म्हणाला. "ते तिकडे आहेत." आणि काठीने मागचा गोठा दाखवला.

गोठ्यात एक डुकरीण आडवी पडली होती आणि अकरा पिल्लं तिच्या पोटाशी धक्काबुक्की करत होती.

"सात नर आहेत," ताय मेलान्यो म्हणाला. "पंधरा दिवसांचे झाले. आमच्याकडे हे काम करणारा गेल्या साली वारला. हिला म्हटलं, तेरुएलांपैकी कुणी असेल तर बघ. त्यांच्या हाताचं पिल्लू मरत नाही, असं माझा आजा सांगायचा."

लिओनिदेसने वळून प्रोसिंगकडे पाहिलं. ती फणसाकडे बघत होती.

"चल घरी," तो दातांतून म्हणाला.

"तुझा आजा काय सांगायचा, ताय?" प्रोसिंगने विचारलं, जणू ऐकलंच नाही.

"अन्सेल्मोचं? अहो, माझ्या आज्याची मांडी त्यानेच शिवली. रानडुकराने फाडली होती, इथपासून इथपर्यंत. तालुक्याला नेईपर्यंत माणूस संपला असता. अन्सेल्मो इथेच होता, कुणाच्या तरी पिल्लांसाठी आला होता. म्हणाला, मी डुकरांचं करतो, माणसांचं नाही. माझी पणजी म्हणाली, तू शिव, आम्ही समजू हे डुक्कर आहे. मग त्याने सुरी उकळली, सुई उकळली, दोरा उकळला, हात ताडीच्या सिरक्यात धुतले, आणि शिवलं. एकवीस टाके. तो व्रण मी लहानपणी बोटाने मोजत असे, झोप येईपर्यंत. त्यानंतर लोक त्याला दोक्तोर म्हणायला लागले. आधी थट्टेने. मग कोयते लागलेले, बैलाने मारलेले, सगळे त्याच्याकडेच जायला लागले, तेव्हा थट्टा कुणाला आठवणार?"

लिओनिदेसची बॅग अजून हातात होती.

"दोरा उकळायचा?" त्याने विचारलं.

"सगळं उकळायचा. गावात हसायचे त्याला. म्हणायचे, अन्सेल्मो सुरीचं सूप करतो."

"ते साल कुठलं?"

"साल मला काय माहीत? माझा आजा तेव्हा पोरगा होता."

लिओनिदेसने मनातल्या मनात हिशेब लावला: तेव्हा मनिलाचे डॉक्टरही सुरी उकळत नसावेत. मग बॅग बाकड्यावर ठेवली, इस्त्रीच्या सदऱ्याच्या बाह्या दुमडल्या आणि म्हणाला, "पाणी उकळायला ठेवा. मानांग, तू पाय धरशील?"

"जन्मभर दुसरं काय केलं मी?" प्रोसिंग म्हणाली.

सातही पिल्लं खच्ची करून झाली. पहिल्या पिल्लाने सर्जनच्या सदऱ्यावर काय करायचं ते केलं. दुसऱ्या पिल्लाला प्रोसिंगने मागच्या पायांनी उलटं धरलं तेव्हा लिओनिदेस पुटपुटला, "भूल दिल्याशिवाय मी आयुष्यात कुणाला हात लावला नाही," आणि तिने उत्तर दिलं, "तू बोलणं बंद केलंस तर तीच भूल." तिसऱ्यापासून त्याचे हात आपोआप चालायला लागले. ते बारीक, सावरलेले, एकही हालचाल वाया न घालवणारे हात प्रोसिंगने प्रथमच इतक्या जवळून पाहिले. तिला वाटलं, हा माणूस खरंच चांगला सर्जन असणार. हे तिने त्याला कधीच सांगितलं नव्हतं, आणि आताही सांगितलं नाही. पण पुढची पिल्लं तिने जरा जास्त घट्ट धरली.

सातवं पिल्लू आईकडे पळालं तेव्हा ताय मेलान्यो उठला, प्रत्येकाला वाकून एका डोळ्याने बघून आला.

"हात बरा आहे," तो म्हणाला. "सराव कमी पडतोय."

परत येताना जोडगाडीत लिओनिदेस हसायला लागला. आधी नाकातून, मग पोटातून, मग इतका की चालकाने गाडी थांबवून विचारलं, काका ठीक आहेत ना.

"चार हजारांवर शस्त्रक्रिया केल्या मी," तो डोळे पुसत म्हणाला. "सराव कमी पडतोय म्हणे."

एप्रिलमध्ये मेळावा झाला, शाळेच्या मैदानावर, भर दुपारी, आंब्यांच्या सावलीत. दोनशे माणसं, अख्खं भाजलेलं डुक्कर, शिकागोचे व्याही पंख्याने वारा घेत पहिल्या रांगेत. फलक छापून घेण्याचं काम प्रोसिंगकडेच होतं. त्यावर नोरालिनचा मुलगा होता, त्याच्या जन्मतारखेशिवाय. ग्लेसिलचा एकच नवरा होता. पोन्सोखाली दोन मुली होत्या, घरातल्या. सुईण युफ्रोसिना तेरुएल वैद्यकीय मंडळींत होती, आणि तिचं वर्तुळ इतरांपेक्षा बोटभर मोठं होतं. छापणारा म्हणाला, यंत्राची चूक असेल. तोही तिच्याच हातावर जन्मलेला.

सगळ्यात वर, अन्सेल्मोच्या नावापुढे, तिने जागा मोकळी ठेवली होती. लिओनिदेसने तिथे सगळ्यांसमोर स्वतः जाड लेखणीने लिहिलं: डुकरं खच्ची करणारे.

पहिल्या रांगेतले पंखे हलायचे थांबले. मग मागच्या रांगेतून रोमार उठला. रोमार हा घराण्यातला मूत्ररोगतज्ज्ञ. पंधरा वर्षं प्रत्येक मेळाव्यात सगळ्या काकांनी त्याच्या कामावरून विनोद केले होते.

"म्हणजे," रोमार म्हणाला, "खऱ्या अर्थाने घराण्याची परंपरा चालवणारा मी एकटाच आहे तर."

आधी हसले शिकागोचे व्याही. मग सगळेच.

लिओनिदेस मंचावर गेला आणि त्याने ताय मेलान्योच्या आज्याची मांडी सांगायला घेतली. फार चांगलं सांगितलं त्याने. उकळलेली सुरी सांगितली, सूप सांगितलं, थट्टेचा दोक्तोर खरा कसा झाला ते सांगितलं. म्हाताऱ्या आत्यांनी डोळ्यांना पदर लावावा तसे रुमाल लावले. फक्त एकवीस टाक्यांचे एकतीस झाले. जेवणानंतर तो शिकागोच्या व्याह्यांना तीच गोष्ट पुन्हा सांगत होता, तेव्हा टाके पन्नास होते आणि रानडुकरं दोन. संध्याकाळच्या कॉफीपर्यंत अन्सेल्मोने बंडखोरांच्या सेनापतीची जखम शिवली होती, आणि सेनापतीने त्यांना एक घोडा भेट दिला होता.

घोडा ऐकून ओनोफ्रे अस्वस्थ झाला. तो प्रोसिंगच्या कानाशी लागला, "मानांग, असं कुठल्याच कागदात नाही. तुम्ही सांगा ना त्यांना."

प्रोसिंग पहिल्या रांगेत बसली होती, मांडीवर ताटली घेऊन, आणि डुकराच्या कानाची कुरकुरीत कड चघळत होती.

"थांब रे," ती म्हणाली. "घोड्याचा रंग अजून सांगितला नाही त्याने."